तुम्ही विचारलंत म्हणून : भांडणं शिकायला पुण्याला कशाला?

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या बाईंपासून एसटीत खिडकीची जागा मागणाऱ्या काकांपर्यंत, सगळे एकदा तरी विचारतात, "काय शिकलीस?" बी.ए., अर्थशास्त्र. इथं गप्प बसले असते तर विषय मिटला असता. पण मला खोड आहे, मी पुढं सांगते, "आणि मायनरला शांतता आणि संघर्ष." मग समोरच्याचा घास हातात राहतो. "म्हंजे भांडणं शिकायला पुण्याला गेलतीस? गावात काय कमी होती?"

परवा बारावी झालेल्या एका मुलीच्या आईनं हेच जरा काळजीनं विचारलं. नव्या शैक्षणिक धोरणामुळं मेजर-मायनर, म्हणजे मुख्य विषय आणि जोडविषय, हे शब्द आता लातूरच्या शिकवणी वर्गांतही पोचलेत. त्यांच्या मुलीनं कुठल्या तरी यादीत हा विषय पाहिला होता. त्यांचे प्रश्न तीन होते : यात शिकवतात काय, नोकरी लागते का, आणि पोरगी मोर्चे काढायला लागेल का?

नोकरीचं आधी सांगून टाकते. मला नोकरी लागली ती अर्थशास्त्रामुळं. मुलाखतीत मायनरबद्दल एकच प्रश्न आला, तोही चहा येईपर्यंत वेळ काढायला. आणि मोर्च्यांसाठी मराठवाड्यात वेगळा विषय घ्यावा लागत नाही.

राहिला पहिला प्रश्न. त्याला थोडा वेळ लागेल.

या विषयात सगळ्यात जास्त ऐकू येणारं नाव म्हणजे योहान गाल्टुंग, नॉर्वेचे. तरुणपणी सैन्यात जायला नकार दिला म्हणून तुरुंगात गेले, आणि तिथं बसून गांधींच्या राजकीय विचारावर काम केलं. 1959 मध्ये ऑस्लोत शांतता संशोधनाची संस्था काढली. 2024 मध्ये गेले. त्यांनी 1969 च्या एका लेखात दोन गोष्टी वेगळ्या केल्या. मारामारी थांबली की जी येते ती एक शांतता. ज्यामुळं मारामारी होत होती ते कारणच राहिलं नाही की येते ती दुसरी. पहिलीला त्यांनी नकारात्मक म्हटलं, दुसरीला सकारात्मक. ऐकायला पुस्तकी वाटतं. पण ज्या गावाबद्दल सोयरीक जुळवताना अभिमानानं सांगतात, "आमचं गाव लई शांत हाय बघा," त्या गावात सहा महिने राहून बघा, ही दोन नावं कशाला लागतात ते कळेल.

बाकी वर्गात काय? संघर्षाचा नकाशा काढायचा : कोण कोण आहे, कुणाचं कुणाशी जमतं, कुणाला काय हवंय. माणूस तोंडानं जे मागतो ते एक आणि त्याला खरोखर जे लागतं ते दुसरं, हे वेगळं करायला शिकायचं. रवांडात 1994 च्या नरसंहारानंतर गावोगाव गवतावर बसून भरवलेल्या गचाचा नावाच्या न्यायपंचायती. उत्तर आयर्लंडचा 1998 चा शांतता करार, ज्याच्यानंतरही बेलफास्टमधल्या कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमधल्या भिंती उभ्याच राहिल्या. हे सगळं मला फार आवडलं. लांबचं होतं ना, म्हणून.

मग 2020 चा मार्च आला आणि मी वसतिगृहातून थेट गावी, धाराशिव जिल्ह्यात. तेव्हा उस्मानाबादच म्हणत होतो. आमच्याकडं रेंज फक्त गोठ्याच्या पत्र्यावर यायची. मी शिडी लावून वर बसायची, कानात ऑनलाइन वर्गातलं बेलफास्ट, आणि खाली शेतात चुलता आणि भावकीतला माणूस धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, एकमेकांची आईबहीण काढायचे. एकदा माझा माईक चालू राहिला. पन्नास पोरांनी ते ऐकलं. बाईंनी शांतपणे विचारलं, "हा मजकूर अभ्यासक्रमातला आहे का?"

त्या सहामाहीत प्रकल्प होता : आपल्या घरातल्या एका माणसाकडून एका संघर्षाची आठवण टिपून आणा. मी आजीला धरलं. 1948 ला ती बारा-तेरा वर्षांची होती. रजाकारांचं, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांचं, ती न अडखळता सांगायची. रात्री घोड्यांचे आवाज, कणगीत दडवलेले दागिने, पोरींना घेऊन ज्वारीत काढलेल्या रात्री. आमच्या भागात प्रत्येक घरात हे आहे, आणि ते खरं आहे. मग 13 सप्टेंबरला फौजा निजामाच्या राज्यात शिरल्या, 17 तारखेला निजाम शरण आला. आजी म्हणायची, "पोलिस ॲक्शन झाली न् सुटलो बाई." गोष्ट संपायची.

मी वर्गातल्या तक्त्याप्रमाणं विचारलं, "आणि मग?"

"मग काय, सुटलो."

"आपल्या वेशीजवळ ती पडकी घरं आहेत, ती कुणाची होती?"

आजी उठून चुलीकडं गेली. भाकरी करायची वेळ नव्हती.

पुढं मी वाचलं. पोलिस ॲक्शननंतरच्या दिवसांत काय घडलं ते बघायला नेहरूंच्या सरकारनं पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. 27 ते 40 हजार माणसं मारली गेली असा तिचा, तिच्याच शब्दांत सावध, अंदाज होता. मेलेले मुख्यतः मुसलमान. सगळ्यात वाईट हाल झालेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड, बाकी दोन गुलबर्गा आणि बीदर. हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना वाचवल्याच्या घटनाही त्यात आहेत. अहवाल कित्येक दशकं बाहेरच आला नाही. दर 17 सप्टेंबरला आम्ही शाळेत झेंड्याखाली हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्यावर भाषणं केली. ती करायलाच हवीत, त्या माणसाचा लढा मोठाच होता. पण 18 तारखेपासून पुढं काय झालं याची एक ओळ दहा वर्षांत कुणी शिकवली नाही. गंमत म्हणजे त्याच 1948 साली अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या मँचेस्टर कॉलेजात पदवीला शांतता अभ्यासाचा पहिला कार्यक्रम सुरू झाला. म्हणजे विषय आणि आमच्या वेशीवरची पडकी घरं एकाच वयाची.

आठ दिवसांनी आजीच बोलली. फार नाही. एका पिंजाऱ्याच्या पोरीचं नाव घेतलं, "माझ्यासंगं चिंचा खेळायची" एवढंच. प्रकल्पात मी ते नाव घातलं नाही.

संरचनात्मक हिंसा म्हणून एक प्रकरण असतं. कुणी कुणाला मारत नाही, तरी माणसाचं आयुष्य झिजतं, असं काहीसं. ते मला समजावून सांगायची गरज पडली नाही, कारण 2016 चा उन्हाळा मी लातुरात काढला होता. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी, 144 कलम. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या फेरीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. इंजिनाला हार घातले, टीव्हीवाले आले. त्याच वेळी जिल्ह्यात ऊस उभा होता. आमच्या गल्लीत ज्यांच्या बंगल्यात खोल बोअर होता ते घागर घेऊन कधी रांगेत दिसले नाहीत. दिसायच्या त्या माझ्या वर्गातल्या पोरी. त्यातल्या दोघींचं वर्ष गेलं. कुणी तक्रार केली नाही, कुणाविरुद्ध करणार?

आता धुऱ्याकडं येते, कारण माझं खरं शिक्षण तिथं झालं.

आमच्या चुलत्याचं म्हणणं, शेजारच्या भावकीतल्या माणसानं दरवर्षी नांगरताना वीतभर धुरा कोरला. त्याचं म्हणणं, धुरा तुम्हीच सरकवला. दोघंही मोजणी आणायच्या गोष्टी करायचे आणि मोजणीची फी कोण भरणार यावर नव्यानं भांडायचे. मी पत्र्यावरून उतरले, वही घेतली आणि नकाशा काढला. तोंडी मागणी काय? वीतभर जमीन. मग तिचा हिशेब केला तर वर्षाला दोन पायली सोयाबीनसुद्धा निघेना. दोघांशी वेगवेगळं, चहा पीत बोलल्यावर कळलं, भावकीतल्याला रान पिकल्यावर ट्रॅक्टर बाहेर काढायला वाट नव्हती आणि चुलता त्याला आपल्या रानातून जाऊ देत नव्हता. का देत नव्हता? 2009 च्या एका लग्नात आहेर करताना चुलत्याचं नाव पुकारलं नव्हतं. शपथेवर सांगते, हेच कारण.

आमच्या गावात तंटामुक्त समिती आहे. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना 2007 मध्ये ही मोहीम सुरू झाली आणि पुष्कळ गावांत आता नुसता फलक उरलाय. आमचे अध्यक्ष मात्र हौशी. मारुतीच्या पारावर बैठक लावली. मी सुचवलं : दोघांनी चार-चार फूट सोडून धुऱ्यावरूनच आठ फुटी रस्ता करा, म्हणजे धुरा कुणाचाच नाही आणि दोघांचाही. आहेराचा विषय अध्यक्षांनी काढला, भावकीतल्यानं सगळ्यांसमोर चुलत्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला. चुलत्याचे डोळे भरले. शंभराच्या बाँडवर लिहून सह्या झाल्या. पेढे वाटले. मला वाटलं, ऑस्लोवाल्यांनी आता माझ्याकडं शिकायला यावं.

मी हेच लिहून बाईंना पाठवलं. नकाशासकट, फोटोसकट. गुण उत्तम मिळाले. खाली पेन्सिलीनं लिहिल्यासारखी एक ओळ होती : "बैठकीला कोण नव्हतं?"

मी रागावले. सगळे तर होते. सरपंच होते, पोलिस पाटील होते. दोन दिवस मी ती ओळ घेऊन चिडचिड करत फिरले. तिसऱ्या दिवशी तो नवा रस्ता पायी चालत गेले, शेवटपर्यंत. धुरा संपतो तिथं रस्ता मोठ्या वाटेला लागायच्या आधी साठ-सत्तर पावलं तिसऱ्याच रानातून जातो. ते वस्तीवरच्या काकूचं. नवरा वारलेला, दीड एकर. सातबारा अजून सासऱ्याच्या नावावर, वारस नोंद झालेलीच नाही. म्हणून बैठकीचा निरोप द्यायचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. माझ्या नकाशात तिचं रान पांढरं होतं, कोरं.

मी वस्तीवर गेले. काकू शेंगा फोडत बसली होती, वर बघितलं नाही.

"तवा इचारलं असतं तर म्या वाट दिलीच असती," ती म्हणाली. "पण तिकडून, बोरीच्या अंगानं. हितं खालनं माझी पाइपलाइन गेलीया."

पाइपलाइन तोवर एकदा फुटली होती. ट्रॅक्टरच्या चाकाखाली. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण गावात पेढे वाटून झाले होते. भांडण मिटलेलं असताना भांडणारी ती ठरली असती.

चुलत्याला मी सांगितलं. तो म्हणाला, "आता कुठं बाँड बदलत बसतीस." भावकीतलाही तेच म्हणाला. दहा-बारा वर्षं एकमेकांचं तोंड न बघणारे दोघं या एका मुद्द्यावर पहिल्यांदा एक झाले. अध्यक्ष म्हणाले, "बघू." तो बघू अजून चालू आहे. मला जमलं ते इतकंच : काकूची वारस नोंद. तलाठ्याकडं फेऱ्या, सासऱ्याचा मृत्यू दाखला, दोन नणंदांचं ना-हरकत. फेरफार मंजूर झाला त्या दिवशी काकूनं मला सातबारा वाचून दाखवायला लावला, दोनदा.

तर ताई, तुमच्या मुलीला हा विषय घ्यायचा असेल तर घेऊ द्या, पण जोडीला पोटापाण्याचा मुख्य विषय धड घ्यायला सांगा. अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, कायदा, काहीही. आणि प्रकल्पाला आजीची मुलाखत घ्यायची वेळ आली तर घाई करू नका म्हणावं, आजीला चुलीकडं जाऊन यायला वेळ द्यायचा असतो.

पाइपलाइन अजून तिथंच आहे. सोयाबीनच्या दिवसात ट्रॅक्टर गेला की काकूचा फोन येतो. चुलत्याला नाही, मला.