डीपी उडाली त्या दुपारी

मी आर्वी रोडवरच्या एका सीनियर सिटीझन वसाहतीत केअर मॅनेजर आहे. बिल्डिंगी कंपनीच्याच मालकीच्या आणि चालवतेही तीच, म्हणजे आबाजी-आजी लोक डिपॉझिट भरून राहतात, जेवण, नर्सिंग, साफसफाई सगळं धरून दर महिन्याला पैसे देतात. हेड ऑफिस पुण्यात. खोल्यांना मोठमोठ्या काचा, सगळीकडे एसी, कूलर एकही नाही. विदर्भात कूलरच्या खिडकीशिवाय घर बांधायचं हे कोणाच्या डोक्यात आलं, मला आजही राग येतो.

मे महिना, पारा ४५ च्या वर, आणि दुपारी एकच्या सुमारास आमची डीपी उडाली. लाईनमन बघून म्हणाला, "मॅडम, ट्रान्सफॉर्मरच गेला, रात्रीच्या आधी काही होत नाही." जनरेटर होतं, पण त्याच्यावर लिफ्ट, बोअरची मोटर, पॅसेजचे लाईट आणि डायनिंग हॉल इतकंच. पुण्याला फोन केला तर प्रॉपर्टीवाले म्हणाले एसीचा लोड देऊ नका, मशीन जळेल. ते बरोबरच होतं. पण मग माणसांचं काय, तर ते केअरचं काम म्हणे. दोन खाती वेगळी, बजेट वेगळं, आणि मधात आपले म्हातारे माणसं.

हिंगणघाटकडचे एक आबाजी आहेत आमच्याकडे, जन्मभर पराटी, म्हणजे कापूस, पिकवलेले. ते म्हणाले, "पोरी, एसी सोड, कूलर आण. एका एसीच्या करंटात पाच-सात कूलर चालते." खरंच आहे, एसी दीड हजार वॉटच्या आसपास खातो, कूलर दोनशेच्या आतबाहेर, आणि आपल्याकडची हवा मे मध्ये इतकी कोरडी असते की वाळ्याच्या ताट्यांतून वारा गारच येतो. स्वयंपाकाच्या बाईंनी गावात फोन लावले. गावाची डीपी वेगळी, तिथं लाईट होती, तरी लोकांनी घरचे चालू कूलर काढून छोट्या हत्तीत टाकून आणले. मी हे कधीच विसरणार नाही.

सगळ्यांना लिफ्टने खाली हॉलमध्ये आणलं. दरवाजे रुंद आहेत म्हणून व्हीलचेअर कुठं अडकली नाही (ज्येष्ठांच्या घरांसाठी महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, २०२४ च्या गाईडलाईनमध्ये दरवाजा किमान ९०० मिमी सांगितलाय, ते किती कामाचं आहे ते त्या दिवशी दिसलं). काचांवर ओल्या चादरी, बारदाने टांगले.

दुसऱ्या मजल्यावरच्या एक आजी मात्र येईनात. "मले तहान नाही लागली, मी ठीक आहो" म्हणून दार लावून घेतलं. वय झालं की तहान लागल्याचं कळतच नाही, त्यात बीपीसाठी लघवीची गोळी चालू, आणि सारखं बाथरूमला उठावं लागू नये म्हणून पाणी मुद्दाम कमी पिणं, हे आमच्या अर्ध्या आज्यांचं असंच आहे. दुसऱ्या चावीनं दार उघडलं तर भलतंच बडबडत होत्या, मला स्वतःची आई समजून हाका मारत होत्या, अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा थेंब नाही. ताप १०५.

सिस्टरनी पॅरासिटामॉल काढली, मी नको म्हटलं, उष्माघाताच्या तापावर ती चालत नाही. पातळ सैल केलं, अंगावर पाणी मारत राहिलो, दोघी जणी पुठ्ठ्यांनी वारा घालत, मानेला, काखेत, जांघेत बर्फ. शुद्ध नीट नव्हती म्हणून तोंडात पाणी घातलं नाही, ते श्वासनलिकेत जातं. १०८ ला फोन केलेलाच होता, पण गाडीची वाट पाहत बसायचं नसतं, अंग आधी थंड करायचं. गाडी आली तोवर ताप १०२ वर उतरला होता. सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं.

मुलगी बेंगळुरूला. फोनवर रडत रडत म्हणाली, "ताई, आम्ही एसी रूमचे पैसे भरतो ना हो." मी तिला काय उत्तर देणार होते? बरोबरच बोलत होती ती.

आजी वाचल्या, परत आल्या, आता जेवणाच्या ताटासोबत त्यांच्यासमोर तांब्या ठेवते आणि तो रिकामा झाल्याशिवाय मी हलत नाही. कंपनीनं प्रत्येक मजल्याच्या पॅसेजमध्ये दोन कूलर मंजूर केले. मोठं जनरेटर मात्र "पुढच्या बजेटमध्ये" आहे. आता कोणी आईवडिलांसाठी जागा बघायला आलं की लॉन आणि क्लबहाऊस मी नंतर दाखवते, आधी जनरेटरच्या खोलीत नेते आणि याच्यावर काय चालतं, काय चालत नाही ते सांगते. सेल्सवाल्यांना ते आवडत नाही, त्यांनी वर तक्रारही केली आहे, पण मी सांगणारच.