खड्डा आधी दिसला तर? डीएस ७ क्रॉसबॅकचं सस्पेन्शन कसं घडलं

ताशी ५० किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला साधारण १४ मीटर पुढे जाते. डीएस ७ क्रॉसबॅक या फ्रेंच एसयूव्हीच्या समोरच्या काचेमागे बसवलेला कॅमेरा पुढचा ५ ते २० मीटरचा रस्ता वाचतो. म्हणजे २० मीटरवर दिसलेला उंचवटा चाकाखाली येईपर्यंत कॉम्प्युटरला दीड सेकंदही मिळत नाही. तोच ५ मीटरवर दिसला, तर हातात उरतो जेमतेम सेकंदाचा तिसरा हिस्सा. तेवढ्यात चारही शॉकअपना हुकूम जायला हवा, आणि तोही प्रत्येकाला वेगळा. पुढच्या चाकाने उंचवटा ओलांडला की सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात मागचं चाक त्यावर चढतं, कारण दोन आसांमधलं अंतर २.७४ मीटर आहे.

या गाडीबद्दल लिहिताना बहुतेकजण डॅशबोर्डवरचं, गाडी सुरू करताच गर्रकन फिरून समोर येणारं बीआरएम कंपनीचं घड्याळ आणि घड्याळाच्या पट्ट्यासारखी शिवण असलेलं लेदर यांवरच थांबतात. दोन्ही देखणी आहेत यात वाद नाही. पण ही गाडी आपल्या भावंडांपासून खरी वेगळी झाली ती खाली, मागच्या आसापाशी.

‘डीएस’ हे नाव फ्रान्समध्ये सहज पेलण्यासारखं नाही. ६ ऑक्टोबर १९५५ रोजी पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात पहिली सिट्रोएन डीएस दाखवली गेली आणि त्या एका दिवसात सुमारे १२ हजार गाड्यांची नोंदणी झाली. तिला पोलादी स्प्रिंगच नव्हती. प्रत्येक चाकाला एक धातूचा गोळा, त्यात पडद्याच्या एका बाजूला नायट्रोजन वायू आणि दुसऱ्या बाजूला पंपाने दाबाखाली ठेवलेलं तेल. दबणारा वायू स्प्रिंगचं काम करायचा, तर गोळ्याच्या तोंडाशी असलेल्या बारीक झडपेतून जाणारं तेल शॉकअपचं. मागे तीन माणसं बसली की गाडी क्षणभर दबायची आणि स्वतःच पुन्हा मूळ उंचीवर यायची. २२ ऑगस्ट १९६२ रोजी पॅरिसजवळच्या पती-क्लामार इथे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या गाडीवर गोळीबार झाला, टायर फुटले, तरीही चालकाने डीएस सावरून बाहेर काढली. हा प्रसंग फ्रान्समध्ये आजही सांगितला जातो. १४ मे २०१७ रोजी नवे राष्ट्राध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन डीएस ७ च्या उघड्या छतातून हात हलवत पॅरिसच्या शाँझेलिझे या रस्त्यावरून गेले, तेव्हा पाहणाऱ्यांच्या मनात ही सगळी वंशावळ होती. गाडी सामान्य गिऱ्हाइकांच्या हाती पडायला तेव्हा अजून काही महिने बाकी होते.

२०१४ मध्ये डीएस हा सिट्रोएनपासून वेगळा ब्रँड करायचं ठरलं. त्याआधीच्या डीएस ३, ४ आणि ५ या मुळात सिट्रोएन म्हणून आलेल्या गाड्या. अगदी पायापासून डीएस म्हणून आखलेल्या गाड्यांत क्रॉसबॅकचा मान पहिला, असं म्हणायला हरकत नाही. तिचं कारखान्यातलं सांकेतिक नाव एक्स७४ आणि जन्म अल्सास प्रांतातल्या मुलूझचा. पाया (प्लॅटफॉर्म) मात्र ईएमपी२, म्हणजे ज्यावर तेव्हाची प्यूजो ३००८ उभी होती तोच.

इथेच जुन्या डीएसच्या वायू-तेलाच्या गोळ्यांवरच्या सस्पेन्शनचा निकाल लागला. त्याला पंप हवा, उंची राखणाऱ्या झडपा हव्यात आणि गाडीभर उच्च दाबाच्या नळ्या हव्यात. ईएमपी२ ची आखणी पोलादी स्प्रिंग धरून झालेली. एका मॉडेलसाठी ते सगळं त्यात घुसवायचं, म्हणजे एकच पाया अनेकांत वाटून घेण्याचा फायदाच गमावायचा. असं सस्पेन्शन असलेल्या शेवटच्या सिट्रोएन सी५ चं उत्पादनही २०१७ मध्येच थांबलं. मला याची खंत वाटते, पण निर्णय चुकीचा होता असं म्हणवत नाही.

मग पैसा गेला कुठे? आधी मागच्या आसावर. तेव्हाच्या साध्या ३००८ ला मागे टॉर्शन बीम असायचा. दोन्ही चाकांना जोडणारी ती एक पिळ घेणारी तुळई असल्याने डावं चाक खड्ड्यात गेलं की उजव्यालाही थोडा हिसका बसतोच. बीम स्वस्त, हलका आणि कमी जागेत मावणारा आहे. डीएस ७ ला मल्टिलिंक दिलं. त्यात प्रत्येक चाक आपापल्या दांड्यांवर स्वतंत्र हलतं, आणि पुढेमागे धक्का खाण्यासाठी बुश (दांड्यांच्या जोडातला रबरी तुकडा) मऊ ठेवला तरी वळणावर चाक आपली दिशा सोडत नाही. बीममध्ये या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात. व्हीलबेस, म्हणजे दोन आसांमधलं अंतर, तेही ३००८ पेक्षा ६ सेंटिमीटरने वाढवला. पुढे याच गाडीची ३०० अश्वशक्तीची हायब्रिड आवृत्ती, ई-टेन्स ४x४, आली, तेव्हा मागच्या चाकांची इलेक्ट्रिक मोटर याच रचनेत बसली. आडवी तुळई असती तर मोटरला जागाच नव्हती.

कॅमेरा हा त्यावरचा दुसरा थर. त्याच्या जोडीला उंची मोजणारे चार सेन्सर आणि हिसके मोजणारे तीन अॅक्सेलेरोमीटर आहेत. शिवाय वेग, स्टिअरिंगचा कोन आणि ब्रेक यांची माहितीही जमेस धरली जाते. हेतू असा की चाक उंचवट्यावर चढताना शॉकअप मऊ पडावा आणि लगेच घट्ट होऊन बॉडीचा झोका थांबवावा. मात्र हा शॉकअप फक्त विरोध कमी-जास्त करतो. तो चाक उचलत नाही आणि भार पडल्यावर गाडी वरही आणत नाही, ते १९५५ च्या डीएसचं काम होतं. दाट धुकं, जोराचा पाऊस, बर्फ किंवा समोरून येणारं ऊन असेल तर कॅमेऱ्याची मदत घटते. पाण्याने भरलेला खड्डाही त्याला फसवू शकतो, कारण वरून दिसतो तो सपाट पृष्ठभाग. तेव्हा उरतं ते मल्टिलिंकचंच काम, म्हणून मी आसाला वरचं स्थान देतो.

हे सगळं टायरवर मात्र वाया जाऊ शकतं. १८ इंची चाकावरच्या २३५/५५ आर१८ टायरची बाजूची भिंत १२९ मिलिमीटर उंच असते, तर २० इंचीवरच्या २३५/४५ आर२० ची १०६. शोरूममध्ये २० इंची चाकं डोळ्यांत भरतात, पण धारदार कडेचा खड्डा सर्वांत आधी टायरची भिंतच झेलते. तिथे गमावलेले २३ मिलिमीटर कुठलाही कॅमेरा परत देत नाही. आराम हवा असेल तर १८ इंचीच घ्या.

डीएस ७ भारतात विकायला आली नाही. पण त्याच पायावरची सिट्रोएन सी५ एअरक्रॉस २०२१ मध्ये इथे आली, त्यामुळे मुंबई-पुण्यातल्या पुष्कळांनी या घराण्यातली एक गाडी चालवून पाहिलेली आहे. तिने वेगळी वाट धरली. मागे बीमच ठेवला आणि शॉकअपच्या आत, टोकाशी, तेलाचे छोटे अडसर बसवले. पुढच्या शॉकअपना ते दाबताना आणि ताणताना दोन्ही वेळा मदत करतात, मागच्यांना फक्त दाबताना. मोठ्या खड्ड्यात शॉकअप टोकाला जाऊन रबरावर आपटतो तो ‘ठक्’ त्यामुळे बराचसा नाहीसा होतो. यात कॅमेरा नाही, वायर नाही, बिघडण्याजोगं फारसं काही नाही. आपल्या रस्त्यांसाठी मला हाच उपाय जास्त पटतो.

युरोपात राहणारं कुणी जुनी डीएस ७ घेणार असेल, तर आधी तिला अॅक्टिव्ह स्कॅन, म्हणजे हे कॅमेऱ्याचं सस्पेन्शन, आहे का ते बघा. ते प्रत्येक गाडीवर नाही, आणि असलं तरी कॅमेऱ्याचं काम कम्फर्ट मोडमध्येच चालतं. पुढची काच बदललेली असेल तर कॅमेरा पुन्हा कॅलिब्रेट केल्याचा, म्हणजे त्याची नजर मोजून बसवल्याचा, कागद मागा. काच नुसती चिकटवून दिली असेल, तर कॅमेऱ्याची नजर किंचित वर किंवा खाली राहते, आणि त्याच कॅमेऱ्याच्या भरवशावर गाडी लेनही धरते. मागच्या टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवा. तिथे झीज जास्त लागली तर अलाइनमेंट बिघडलंय किंवा दांड्यांचे बुश थकलेत. मग हळू वेगात, मागे कुणाला तरी बसवून, गाडी गतिरोधकावरून तिरपी न्या, म्हणजे एकेक चाक वेगवेगळ्या वेळी चढेल. खिळखिळा बुश तेव्हाच बोलतो.