ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येतो?

बँकेने कॅश क्रेडिटच्या, म्हणजे धंद्यासाठी लागेल तशी उचल देणाऱ्या कर्जखात्याच्या, नूतनीकरणासाठी बारा महिन्यांची जीएसटी विवरणपत्रे मागितली, तेव्हा कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या कारखान्याच्या जीएसटी खात्यात मी, म्हणजे त्या कारखान्याचा भागीदार, एकदाही प्रवेश केलेला नाही, हे प्रथमच माझ्या ध्यानात आले. यूझरनेम आणि पासवर्ड दोन्ही कर सल्लागारांकडे होते. पोर्टलवर ‘यूझरनेम विसरलात’ या मार्गाने गेलो, तर ओटीपी त्यांच्याच मोबाईलवर गेला. २०१७ साली नोंदणीच्या धांदलीत त्यांनी स्वतःचा क्रमांक आणि स्वतःचा ईमेल भरला होता, आणि रोज येणारे संदेश परस्पर मिटतात म्हणून आम्हालाही ते सोयीचेच वाटले होते. मधल्या काळात फीवरून आमचे थोडे बिनसले होते. त्यांनी लॉगिन द्यायला नकार दिला नाही. फक्त फोन उचलणे बंद केले.

असे आमच्या एकट्याचेच झाले नव्हते. मध्यस्थांनी स्वतःचा ईमेल आणि मोबाईल घालून नोंदणी केली आणि आता ते लॉगिन देत नाहीत, अशा तक्रारी आल्यामुळे २०१८ मध्ये सरकारने त्यासाठी स्वतंत्र कार्यपद्धती जाहीर केली. आपल्या विभागाच्या कर अधिकाऱ्याकडे ओळखीचे आणि व्यवसायाचे पुरावे घेऊन जायचे. तो खातरजमा करून अधिकृत स्वाक्षरीकर्त्याचा नवा ईमेल व मोबाईल नोंदवतो आणि तात्पुरता पासवर्ड त्या नव्या ईमेलवर येतो. आपला अधिकारी राज्याचा की केंद्राचा, हे पोर्टलवर करदाता शोधण्याच्या जागी जीएसटी क्रमांक टाकला की लॉगिनशिवायही दिसते. आमचे काम या मार्गाने झाले, पण हेलपाटे पडले, आणि बँकेची मुदत टळली ती टळलीच.

त्यानंतर मी इतर चाव्या मोजायला बसलो. सरकारी निविदा भरण्यासाठी घेतलेल्या माझ्या डिजिटल सहीचे टोकन, म्हणजे सहीची किल्ली साठवलेले पेनड्राइव्हसारखे उपकरण, दुसऱ्याच एका कार्यालयात टेबलाच्या खणात सापडले, पिनची चिठ्ठी रबरबँडने गुंडाळलेली, आणि शेजारी आमच्यासारख्या इतरांची टोकने. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम ४२ नुसार सहीची खासगी किल्ली आपल्या ताब्यात राहील अशी वाजवी काळजी घेण्याची जबाबदारी सहीधारकाची, म्हणजे माझी होती. कोऱ्या कागदावर सही करून देणारा माणूस आपण वेडा ठरवतो, पण टोकन आणि पिन एकत्र देताना कुणालाच काही वाटत नाही. संकेतस्थळाचे डोमेनही ते बनवणाऱ्या मुलाच्या खात्यात निघाले. त्याने मात्र मागताच ट्रान्सफरचा कोड दिला, म्हणून तो विषय तिथेच संपला.

दादांना हे सगळे अविश्वासाचे लक्षण वाटले. “इतकी वर्षं त्यांनीच सांभाळलं ना?” असे ते म्हणाले. मला प्रश्न विश्वासाचा वाटत नाही. आमच्या वडिलांचा फोरमनवर पूर्ण विश्वास होता आणि सकाळी शटर तोच उघडत असे, तरीही दुसरी किल्ली घरातल्या देव्हाऱ्याच्या फळीवरून कधी हलली नाही. काम दुसऱ्याकडे सोपवले म्हणून खात्याची मालकी सोपवली असे होत नाही, आणि ओटीपीच्या व्यवस्थेत ती मालकी नोंदवलेल्या मोबाईल क्रमांकापाशी असते.

म्हणून आता फर्मच्या नावाचे एक सिमकार्ड घेतले असून ते एका साध्या बटणांच्या फोनमध्ये ऑफिसच्या कपाटात असते. वीजबिलाबरोबरच त्याचाही रिचार्ज होतो, कारण बंद पडलेला क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला दिला जाऊ शकतो, आणि मग आपले ओटीपी कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या खिशात वाजू लागतील. विवरणपत्रे अजूनही सल्लागारच भरतात, नवे. दर महिन्याच्या २० तारखेच्या आत त्यांचा फोन येतो, ते आकडे वाचून दाखवतात आणि मगच मी ओटीपी सांगतो. सुरुवातीला त्यांना हे खटकले. गेल्या महिन्यात मात्र त्या वाचनातच लेथच्या दुरुस्तीच्या एका बिलावरचे इनपुट क्रेडिट, म्हणजे त्या बिलात भरलेल्या कराची वजावट, घ्यायचे राहून गेल्याचे निघाले.