लाइपझिगहून: दूध का सोडलं ते एकदा नीट सांगते

घरच्या ग्रुपवर सारखा एकच प्रश्न येतो, अगं तू तर जन्माची शाकाहारी, मग दुधाने तुझं काय घोडं मारलं? म्हणून आज सविस्तर लिहितेय.

सुरुवात अंड्यांपासून करते. अंडी देणाऱ्या जातीच्या कोंबड्यांची नर पिल्लं अंडी देत नाहीत आणि मांसासाठीही परवडत नाहीत, त्यामुळे जर्मनीत वर्षाला साधारण साडेचार कोटी पिल्लं जन्मल्या दिवशीच मारली जायची. ते प्रकरण 2019 मध्ये इथे लाइपझिगच्याच प्रशासकीय सर्वोच्च कोर्टात आलं, आणि 1 जानेवारी 2022 पासून तसं मारायला बंदी आली. हे सगळं वाचताना मला दूध आठवलं, कारण गणित तेच आहे. होल्स्टाइन, म्हणजे इथल्या दुभत्या जातीच्या गाईला वासरू झाल्याशिवाय दूध येत नाही, आणि त्यातलं नर वासरू कुणालाच नको असतं. बहुतेक ठिकाणी वासरू काही तासांत नाहीतर एकदोन दिवसांत आईपासून वेगळं करतात, मग बरीचशी वासरं पोसून कापायला नेदरलँड्सला जातात. 2023 पासून 28 दिवसांच्या आतलं वासरू गाडीत घालता येत नाही, आधी 14 दिवस पुरे होते. एवढीच काय ती सुधारणा!

आणि खरवस. मला खरवस प्रचंड आवडायचा, गूळ-वेलची घातलेला, आजोळी म्हैस व्यायली की शेजारच्यांकडेही वाटी जायची. पण चीक म्हणजे त्या रेडकाची पहिली लस आहे हो, गाई-म्हशींमध्ये गर्भात आईकडून प्रतिकारशक्ती मिळतच नाही, ती सगळी त्या पहिल्या दुधातूनच येते. हे कळल्यावर मला ती वाटी तोंडाला लावणं जमेना.

आपल्याकडे वेगळं आहे असं मामा म्हणतो आणि त्यात तथ्य आहे, वासराला आधी पाजून मग धार काढतात, गोठ्यातल्या प्रत्येक जनावराला नाव असतं. पण ट्रॅक्टर आल्यावर गोऱ्ह्याला काम उरलं नाही. महाराष्ट्रात 2015 पासून बैलांच्या कत्तलीलाही बंदी आहे, म्हशीच्या जातीला मात्र ती नाही, मग नर रेडकाचं पुढे काय होतं हे मामालाही माहीत आहे. दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या माणसाला मी दोष देत नाही, देणारही नाही. मला इथे पर्याय आहे म्हणून मी निवडते.

पर्याय म्हणजे ओटचं दूध, ज्याला इथे दूध म्हणून विकता येत नाही, युरोपियन कोर्टाने 2017 मध्ये तसं ठरवलंय, म्हणून पॅकवर हाफर ड्रिंक लिहितात. वर गाईच्या दुधावर व्हॅट 7 टक्के आणि ओटवाल्यावर 19, हे मला खरंच अन्यायाचं वाटतं. चहात थोडं फाटतं, त्यामुळे ‘बरिस्ता’ लिहिलेलं घ्या. आणि इकडे येणाऱ्या शाकाहारी मंडळींनो, अस्सल इटालियन पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटशिवाय, म्हणजे दूध गोठवणाऱ्या विरजणासारख्या पदार्थाशिवाय, बनतच नाही आणि गमी बेअर्सच्या गोळ्यांमध्ये बहुतेकदा जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढलेलं जिलेटिन असतं, तेव्हा पाकीट उलटून वाचा.

बाकी खायला काही कमी नाही. पिठलं, भाकरी, ठेचा, मटकीची उसळ, भरली वांगी, नारळाच्या दुधाची सोलकढी, आपलं निम्मं स्वयंपाकघर आधीपासूनच व्हेगन, म्हणजे प्राण्यांपासूनचं काहीच नसलेलं, आहे. फक्त बी-12 ची गोळी न चुकता घ्यायची, त्यात हयगय नको.

एक कोडं मात्र मला अजून सुटलेलं नाही. वसंतात इथे पांढऱ्या श्पार्गेलचा सीझन येतो, 24 जूनपर्यंत सगळं गाव शतावरी खातं, आणि ती वाकून वाकून काढायला रोमानिया-पोलंडहून मजूर येतात. ती शंभर टक्के व्हेगन आहे. पण त्या माणसांची पाठ आणि त्यांची मजुरी कुठल्या लेबलवर बघायची? सध्या मी ती शेतातल्या स्टॉलवरून घेते आणि कापणी कोण करतं, मजुरी काय देता हे सरळ विचारते. काहीजण सांगतात, काहीजण विषय बदलतात, जे बदलतात त्यांच्याकडून मी घेत नाही.