तापकीर गल्ली ते मिरज, व्हाया एंडपॉइंट शून्य

मिरजेच्या आत्याची बोटं संधिवातानं आखडली आहेत. मराठी ती इन्स्क्रिप्ट या कळफलकाच्या मांडणीवर लिहिते. निवृत्तीनंतर शिकली, आणि वेगही बरा आहे. पण ळ आला की शिफ्ट धरून एन दाबायचं, म्हणजे दोन्ही हात कामाला. 'दुसऱ्या'मधला अर्धा र आला की शिफ्ट-जे आणि वर पुन्हा डी. एकदा फोनवर म्हणाली, "एवढं इलेक्ट्रॉनिक्स शिकलास ना? मग मला ळचं एक बटण दे करून." त्या वाक्यापायी माझ्या तीन-साडेतीन आठवड्यांच्या संध्याकाळी गेल्या. त्याच वाटेनं कुणी निघणार असेल तर खड्डे कुठे आहेत ते सांगून ठेवतो.

निघालो तापकीर गल्लीतून. बुधवार पेठेतल्या त्या गर्दीत चालायला जागा नसते, पण रेझिस्टरपासून स्पीकरच्या पडद्यापर्यंत सगळं मिळतं. घेतलं ते इतकंच: 'ब्लू पिल' नावाचा एक छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, त्यावर प्रोग्रॅम चढवायला एसटी-लिंक, दोन मेकॅनिकल स्विच आणि एक यूएसबी केबल. केबल घेताना 'डेटावाली द्या' असं स्पष्ट सांगा. माझ्या घरातल्या तीनपैकी दोन केबल नुसत्या चार्जिंगच्या निघाल्या, आणि त्यात एक अख्खी संध्याकाळ गेली.

ब्लू पिलवरची चिप एसटीएम३२एफ१०३सी८. ७२ मेगाहर्ट्झ, ६४ किलोबाइट फ्लॅश, २० किलोबाइट रॅम, आणि मुख्य म्हणजे यूएसबी डिव्हाइस होण्याची सोय चिपमध्येच. डिव्हाइस मोड म्हणजे शाळेतली हजेरी. नाव पुकारलं तरच 'हजर' म्हणायचं, स्वतःहून तोंड उघडायचं नाही. पुकारणारा कायम कॉम्प्युटर. तयार लायब्ररी न घेता सगळं रजिस्टर पातळीवर, म्हणजे चिपच्या आतल्या नियंत्रणाच्या खणांत थेट बिट लिहून, करायचं मी ठरवलं. हा शहाणपणा नव्हता, हौस होती. कुणाला वेळेत वस्तू हवी असेल तर त्यानं सरळ टायनीयूएसबी ही तयार लायब्ररी घ्यावी, त्यातून बोर्ड रास्पबेरी पाय पिको असेल तर दोन संध्याकाळींत काम होतं. पुढचं सगळं माझ्यासारख्या हौशी लोकांसाठी.

पहिला मुक्काम सोल्डरिंग आयर्नचा. बोर्ड लावला की कॉम्प्युटरला तो कधी दिसे, कधी नाही. फुल-स्पीड (हा यूएसबीचा एक वेग) डिव्हाइसनं आपण आल्याची वर्दी द्यायची ती डी-प्लस ही डेटाची वायर दीड किलोओमच्या रेझिस्टरनं ३.३ व्होल्टकडे ओढून. माझ्या बोर्डावर तिथे, आर१० या जागी, १० किलोओमचा होता. अशा बऱ्याच ब्लू पिल फिरतात. कॉम्प्युटरच्या बाजूला १५ किलोओम खाली ओढत असतो. गणित केलं तर वायरवर १.९८ व्होल्ट येतात, आणि 'हाय' मानायची किमान पातळी आहे २.०. म्हणजे नुसतं उंबरठ्यावर उभं राहणं. पीए१२ (चिपची डी-प्लसला जोडलेली पिन) आणि ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये १.८ किलोओमचा एक रेझिस्टर समांतर जोडला, दोन्ही मिळून जवळपास दीड होतात. लपंडाव थांबला. बोर्ड विकत घेतल्यावर पहिलं काम मीटर लावून हा रेझिस्टर मोजणं.

घड्याळाचं फार सांगण्यासारखं नाही. बाहेरचा ८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, गुणिले ९ म्हणजे ७२, भागिले दीड म्हणजे यूएसबीला लागणारे ४८. चिपच्या आतल्या ऑसिलेटरवर हे करायला जाऊ नका, फुल-स्पीडला पाव टक्क्याची अचूकता लागते आणि ती त्याच्यात नाही.

खरा घाट पुढे सुरू होतो. लिनक्सच्या डीमेसेजमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, एकच ओळ पुन्हा पुन्हा: डिव्हाइस डिस्क्रिप्टर वाचता आला नाही, एरर वजा ७१. डिस्क्रिप्टर म्हणजे डिव्हाइसची १८ बाइटांची ओळखचिठ्ठी. माझी चिठ्ठी बरोबर होती, दहादा तपासली होती. घोळ ती ठेवण्याच्या जागेत होता. या चिपमध्ये यूएसबीसाठी ५१२ बाइटांची वेगळी पॅकेट मेमरी आहे, आणि प्रोसेसरच्या बाजूनं बघितलं तर तिची मांडणी विचित्र: दोन बाइट वापरायचे, पुढचे दोन सोडायचे, मग पुन्हा दोन वापरायचे. मी साधं मेमकॉपी, म्हणजे सलग कॉपी, केलं होतं. पाठवायचे होते १२ ०१ ०० ०२ ०० ०० ०० ४०. वायरवर गेले १२ ०१ ०० ०० ०९ १२ ०० ०१. नीट बघा, प्रत्येक दुसरी जोडी गळाली आहे. एंडपॉइंट म्हणजे डिव्हाइसचं बोलण्याचं दार, आणि ओळखपाळख होते ती शून्य क्रमांकाच्या दारातून. आठव्या बाइटमध्ये या एंडपॉइंट शून्यचा पॅकेट आकार असतो. तिथे हेक्स ४०, म्हणजे ६४, हवे होते आणि गेला १. लिनक्सला तिथे ८, १६, ३२, ६४ असला काहीतरी आकडा अपेक्षित असतो. तो दिसला नाही की वजा ७१. सोळा-सोळा बिटांचे तुकडे करून, पत्ता चार-चारनं पुढे सरकवत कॉपी करणारं सहा ओळींचं फंक्शन लिहिलं आणि चिठ्ठी पोचली.

पोचली, पण उत्तर एकदाच गेलं. त्यानंतर डिव्हाइस ठार बहिरं. हा खड्डा एंडपॉइंटच्या रजिस्टरचा, आणि मला विचाराल तर सगळ्या वाटेवरचा सगळ्यात वाईट. त्यातले स्थितीचे बिट जिन्यातल्या दिव्यासारखे आहेत. खाली एक बटण, वर एक बटण, आणि दाबलं की दिवा 'लागतो' असं नाही, आहे त्याच्या उलट होतो. १ लिहिला की बिट उलटतो, ० लिहिला की तसाच राहतो. सी भाषेत लिहिणाऱ्याचा हात सवयीनं 'ऑर-बरोबर'कडे जातो, म्हणजे जुनं वाचून त्यात हवे ते १ मिसळून परत लिहिण्याकडे. पाठवण्याची स्थिती होती १०, म्हणजे 'थांब जरा'. मला हवी होती ११, म्हणजे 'तयार'. ऑर करून ११ लिहिले, दोन्ही बिट उलटले आणि झालं ०१. त्याचा अर्थ 'हे मला जमणार नाही'. त्याच झटक्यात घेण्याच्या बाजूचे १० वाचले गेले, तसेच परत लिहिले गेले आणि उलटून झाले ००, म्हणजे कान बंद. उपाय असा: आताची स्थिती आणि हवी असलेली स्थिती यांचा एक्सॉर करायचा, म्हणजे जिथे फरक आहे तिथेच १, आणि तेवढाच लिहायचा, ज्यांना हात लावायचा नाही त्या उलटणाऱ्या बिटांवर ०. गंमत म्हणजे त्याच रजिस्टरमधले 'काम झालं' सांगणारे दोन बिट ० लिहिल्यावर पुसले जातात, म्हणजे त्यांना वाचवायचं तर तिथे १ लिहायचा. एकाच १६ बिटांत तीन तऱ्हेचे नियम! यासाठी एकच फंक्शन लिहा आणि बाकी कुठूनही त्या रजिस्टरला थेट हात लावू नका.

शोध कसा घ्यायचा हेही सांगतो, कारण नेहमीची पद्धत इथे चालत नाही. ब्रेकपॉइंट लावून, म्हणजे प्रोग्रॅम मध्येच अडवून, तुम्ही थांबाल, कॉम्प्युटर थांबत नाही. तुमचं बघून होईपर्यंत त्यानं वैतागून पोर्ट रिसेट केलेला असतो. सिरियल पोर्टवर छापायचं म्हटलं तर ११५२०० च्या वेगाला चाळीस अक्षरांची ओळ साडेतीन मिलिसेकंद खाते, तीही इंटरप्टच्या आत. मी रॅममध्ये एक गोल बफर ठेवला, प्रत्येक घटनेचा चार बाइटांचा ठसा त्यात टाकला, आणि सगळं कोसळल्यावर निवांत वाचला. कॉम्प्युटरच्या बाजूनं यूएसबीवरची ये-जा दाखवणारे यूएसबीमॉन आणि वायरशार्क. पैसे लागत नाहीत.

पत्ता देण्याचा टप्पा लहान पण फसवा. कॉम्प्युटर म्हणतो, आजपासून तू क्रमांक ७. लगेच ७ होऊ नका. आधी जुन्या शून्य पत्त्यावरूनच 'बरं' म्हणायचं, ते पोचल्याची खात्री झाली की मग पत्ता बदलायचा. नव्या घराची चावी मिळाली म्हणून जुन्या घरमालकाला न सांगता जाणाऱ्या भाडेकरूसारखं मी वागलो, आणि पुन्हा वजा ७१. शिवाय दर वेळी नवा प्रोग्रॅम चढवल्यावर कॉम्प्युटरला पत्ताच नसतो की काही बदललं आहे, कारण बोर्डावरचा रेझिस्टर डी-प्लस ओढून धरलेलाच असतो. सुरुवातीला पीए१२ काही मिलिसेकंद खाली ओढून सोडायचा, म्हणजे केबल काढून घातल्यासारखं होतं.

इथून रस्ता सपाट. कॉन्फिगरेशन डिस्क्रिप्टर माझा ३४ बाइटांचा: ९, ९, ९ आणि ७. कॉम्प्युटर आधी फक्त ९ मागतो, तेव्हा ९च द्या. कीबोर्डचा रिपोर्ट डिस्क्रिप्टर (कळांची माहिती कशा रूपात येईल ते सांगणारी चिठ्ठी) मागताना विनंतीचा पहिला बाइट ८० नसून ८१ असतो, कारण विचारणा इंटरफेसला असते. ते चुकवलंत तर डिव्हाइस यादीत दिसतं, पण टाइप काहीच होत नाही. ळसाठी पाठवायचे आठ बाइट: ०२ ०० ११ आणि पुढे पाच शून्यं. ०२ म्हणजे डावं शिफ्ट, ११ म्हणजे एन. आणि लगेच मागोमाग आठही शून्यं, बोट उचललं हे सांगायला. मी ते विसरलो होतो. रात्री साडेबाराला संपादकाच्या खिडकीत ळळळळळळळ अशी रांग लागली, आणि केबल उपटेपर्यंत थांबेना. पण तो ळ होता!

व्हेंडर आयडीसाठी, म्हणजे यूएसबीतल्या उत्पादकाच्या क्रमांकासाठी, पैसे मोजू नका. मुक्त-स्रोत प्रकल्पांना हेक्स १२०९ खाली फुकट क्रमांक मिळतात. त्यातला ०००१ चाचणीसाठी आहे, तो घरातच ठेवा.

डिव्हाइसचं नाव मात्र मी हौसेनं देवनागरीत ठेवलं: 'आत्याचा दोन कळींचा मराठी कळफलक'. यूएसबीतली नावं यूटीएफ-१६ मध्ये असतात, ळ म्हणजे ३३ ०९, त्यामुळे अडचण काहीच नाही. बायकोनं स्क्रीनवर वाचलं आणि म्हणाली, "आत्याचा काय? आत्यांचा लिही." मी आत्याला अगं-तुगं करतो, ती अहो-जाहो. भेट दोघांची होती, तेव्हा बरोबर तिचंच होतं. अनुस्वार दिला, प्रोग्रॅम चढवला. आणि आतापर्यंत झटक्यात चालू होणारं ते यंत्र केबल लावल्यावर पाच सेकंद ढिम्म बसायला लागलं.

एका अनुस्वारानं! पहिला संशय अर्थात युनिकोडवर गेला, आणि तो साफ चुकीचा होता. मग कागदावर मोजलं. जुनं नाव यूटीएफ-१६ च्या ३० एककांचं (अक्षर, काना, अनुस्वार, सगळे वेगळे मोजून), प्रत्येकी दोन बाइट, वर मथळ्याचे दोन: ६२. अनुस्वारासकट ६४. माझं एंडपॉइंट शून्यचं पॅकेटही नेमकं ६४. पॅकेट भरलेलं नसेल तर कॉम्प्युटर समजतो की बोलणं संपलं. पण त्यानं मागितले होते २५५ आणि आलं काठोकाठ भरलेलं पॅकेट, म्हणजे अजून येणार असेल. तो वाट बघत बसला. अशा वेळी मागून एक शून्य लांबीचं पॅकेट पाठवून 'झालं' म्हणायचं असतं, ते मी लिहिलंच नव्हतं. यूएसबीमॉनमध्ये सगळं दिसलं: २५५ची मागणी, पाच सेकंद शांतता, मग लिनक्सनं आधी फक्त दोन बाइट मागून लांबी बघितली आणि नंतर मोजून ६४ मागितले. म्हणून शेवटी चालत होतं. तुमचा कोड झाला असं वाटेल तेव्हा मुद्दाम ६४ बाइटांचं नाव देऊन बघाच.

कोयना एक्सप्रेसनं मिरजेला गेलो. आत्यानं बटण दाबलं आणि स्क्रीनवर इंग्रजी एन उमटला. कळफलक अक्षरं पाठवत नाही, जागा पाठवतो. कॉम्प्युटरवर मराठी निवडलेली नसेल तर ळ यायचा कुठून? भाषा बदलून दिली. तिनं 'वेळ', 'काळ', 'दुसऱ्या', 'कुऱ्हाड' लिहून बघितलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "क्ष आणि श्रलाही शिफ्टच लागतं की रे. त्यांची बटणं?"

परतीच्या गाडीत नाव मोजून बघितलं. 'दोन'च्या जागी 'चार' घातलं तरी एककं एकतीसच.