रॉय मॉडेलवर केस स्टडी करताना

नर्सिंगच्या परीक्षेत सिस्टर कॅलिस्टा रॉय यांचं ॲडाप्टेशन मॉडेल, म्हणजे पेशंट बदलाशी कसं जुळवून घेतो हे बघायची चौकट, आलं की मी खूश व्हायचे. तीन स्टिम्युलस (माणसावर परिणाम करणाऱ्या गोष्टी), चार मोड (जुळवून घेणं जिथे दिसतं ती अंगं), सहा पायऱ्या. आकृती काढली की मार्क हातात. वॉर्डातल्या पेशंटवर तेच मॉडेल वापरून केस स्टडी करून आणा म्हटल्यावर मात्र घाम फुटला.

माझ्या वाट्याला आलेले काका पन्नाशीचे, लांब पल्ल्याचा ट्रक चालवणारे. आतड्याचं ऑपरेशन होऊन पोटावर कोलोस्टोमी केलेली, म्हणजे मल बाहेर यायला पोटावर वाट आणि तिच्यावर चिकटवलेली बॅग.

शारीरिक मोड आधी उरकला. श्वसन, पोषण, उत्सर्जन, हालचाल आणि विश्रांती, संरक्षण हे सगळं एरवीही आपण ड्यूटीवर बघतोच. स्टोमा, म्हणजे पोटावर उघडलेलं आतड्याचं तोंड, लालसर, ओलसर. भोवतालची कातडी मात्र जराशी सोललेली, कारण फ्लँजचं, म्हणजे बॅग कातडीला चिकटवणाऱ्या चकतीचं, भोक मोठं कापलं गेलं होतं. ते स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच जास्त ठेवायचं, नाहीतर मल थेट कातडीवर बसतो. बाकी टाके कोरडे, ताप नाही. रॉय दोन यंत्रणा मानतात: शरीराचा आपोआप चालणारा रेग्युलेटर आणि विचार-भावनांचा कॉग्नेटर. काकांचा रेग्युलेटर व्यवस्थित काम करत होता.

अडलं होतं ते दुसरीकडे. बॅग बदलताना काका भिंतीकडे तोंड फिरवायचे. डोळे मिटायचे नाहीत, टक्क भिंतीकडे बघत राहायचे. काकूंना पडद्याच्या आत येऊ द्यायचे नाहीत. जेवणाचं ताट अर्धं परत जायचं.

आता हे कुठल्या खान्यात लिहायचं? शरीराची लाज वाटते म्हणून सेल्फ-कॉन्सेप्ट, गाडीचं काय होणार ही काळजी म्हणून रोल फंक्शन, की काकूंना लांब ठेवतात म्हणून इंटरडिपेंडन्स? हे तीन मोड एकमेकांत मिसळतात ही या मॉडेलबद्दलची जुनी तक्रार आहे, आणि ती रास्तच आहे. शेवटी मी एकच गोष्ट तिन्हीकडे लिहिली. मॅडमनी काट मारली नाही. "खाने भरत बसू नकोस, हे कशामुळे होतंय ते शोध," एवढंच म्हणाल्या.

पहिल्या पातळीच्या असेसमेंटमध्ये वागणूक टिपायची; 'कशामुळे' म्हणजे दुसऱ्या पातळीचं असेसमेंट, स्टिम्युलस शोधणं. मॉडेलचा जीव खरं तर इथे आहे, आणि केस स्टडीत सगळ्यात कमी ओळी यालाच मिळतात. लहान मुलांच्या वॉर्डात काम करताना मुलं आजारपणाशी किती चटकन जुळवून घेतात हे रॉय यांनी पाहिलं होतं. पुढे डोरोथी जॉन्सन यांच्याकडे शिकताना त्यातून मॉडेल आकाराला आलं, १९७० मध्ये ते छापून आलं. स्टिम्युलसची कल्पना हॅरी हेल्सन या मानसशास्त्रज्ञाची. समोर येऊन ठाकलेला बदल तो फोकल, म्हणजे इथे स्टोमा. त्यात भर घालणारं आजूबाजूचं ते कॉन्टेक्स्च्युअल: अर्धवट ओढलेला पडदा, वासाची धास्ती, मोडलेली झोप. रेसिड्युअल म्हणजे परिणाम करत असेल असा नुसता अंदाज.

तो अंदाज फॉर्मवरचे प्रश्न विचारून हाती लागत नाही. ड्यूटी संपल्यावर जाऊन बसले. आधी बराच वेळ घाटातल्या ब्रेकबद्दलच बोलणं झालं. मग मध्येच म्हणाले, "सिस्टर, आमच्या चुलत्यांना पण अशीच पिशवी होती. त्यांचं ताट-भांडं सगळं वेगळं ठेवलेलं, शेवटपर्यंत."

अंदाज खरा निघाला की तो रेसिड्युअलमधून कॉन्टेक्स्च्युअलमध्ये जातो. अर्ध्या ताटाचाही उलगडा झाला: कमी खाल्लं की पिशवी कमी भरते, असा त्यांचा हिशोब होता.

रॉय यांच्या मते नर्सने हात घालायचा तो स्टिम्युलसमध्ये. स्टोमा तर हटवता येत नव्हता, मग बाकीचे धरले. पडदा पूर्ण ओढायचा. बॅग एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, म्हणजे ती जड होत नाही आणि गळायची भीती राहत नाही. फ्लँज मापाने कापायची. कोलोस्टोमीचा कुणाला संसर्ग होत नाही, हे काका-काकू दोघांना एकत्र बसवून सांगितलं. ध्येयात वागणूक, तिच्यातला बदल आणि मुदत, तिन्ही हवीत. 'स्वीकार वाढेल' असलं मोघम चालत नाही. मी लिहिलं: दोन दिवसांत काका बॅग रिकामी करताना स्टोमाकडे बघतील.

दोन दिवसांनी त्यांनी काकूंना आत बोलावलं. काकूंनी बॅग रिकामी केली. काका बघत होते, पण स्टोमाकडे नाही, काकूंच्या चेहऱ्याकडे. मूल्यमापनात मी 'अंशतः साध्य' लिहिलं आणि मुदत वाढवली.

घरी जायच्या आदल्या दिवशी बॅगेची क्लिप काकांनी स्वतः लावली आणि विचारलं, लांबच्या फेरीला गाडीत किती बॅगा ठेवू? रोल फंक्शनच्या खान्यात तोवर एकच ओळ होती. तिच्याखाली लिहिलं: सीटबेल्ट स्टोमावर येतो का ते बसवून पाहणे, गाडी कधी चालवायची, वजन किती दिवस उचलायचं नाही, हे सर्जनना विचारणे.