चार वेधशाळा, त्यात अलिबाग नाही

जपानी बैठकीत कोणी आवाज चढवत नाही, त्यामुळे हळू विचारलेला प्रश्न जास्त झोंबतो. पडद्यावर माझा आलेख होता: मे 2024 च्या चुंबकीय वादळात जपानच्या 'अरासे' उपग्रहाने टिपलेले आयन, म्हणजे विद्युतभारित कण.

"हा ऑक्सिजनच कशावरून?" ज्येष्ठांनी विचारलं.

याचं उत्तर मला झोपेतही देता येतं. आयन पातळ कार्बन-पापुद्र्यातून घुसतो, तिथून इलेक्ट्रॉन उडतात आणि घड्याळ सुरू होतं. पलीकडे आपटला की बंद. 100 किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा प्रोटॉन सेकंदाला साधारण 4400 किलोमीटर पळतो, तेवढ्याच ऊर्जेचा ऑक्सिजन 1100. सोळापट जड, म्हणून चौपट संथ. आपल्याच वातावरणाच्या वरच्या थरातून निसटलेला हा ऑक्सिजन मोठ्या वादळात वलय-प्रवाहाचा, म्हणजे पृथ्वीभोवती कड्यासारख्या वाहणाऱ्या विद्युतप्रवाहाचा, मोठा वाटा उचलतो.

"आणि त्याच वेळी पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला?"

इथे मी गप्प. अरासेची एक फेरी सुमारे साडेनऊ तासांची. तो जिथे असेल तिथलंच सांगणार. सगळ्या वलयाचा अंदाज हवा तर जमिनीवरच्या चुंबकमापकांकडेच जावं लागतं. ज्येष्ठांनी क्योतोचा डीएसटी निर्देशांक उघडला; वादळात जमिनीवरचं चुंबकीय क्षेत्र किती घसरलं ते तो सांगतो. त्यामागे काकिओका, होनोलुलू, सान हुआन आणि हर्मानस या चार वेधशाळा. अलिबाग नाही. निवडीला शास्त्रीय कारणं असतात, मला कळतं. तरी लागलंच. ट्रामच्या विजेचा त्रास नको म्हणून 1904 पासून मुंबईच्या कुलाबा चुंबकीय वेधशाळेचं काम अलिबागला नेलं, इतकी काळजी घेतलेली जागा!

तेवढ्यात त्यांनीच पुढचं चित्र लावलं: कुलाबा, सप्टेंबर 1859. डोळ्यांनी वाचून नोंदवलेली, चुंबकीय क्षेत्राची सुमारे 1600 नॅनोटेस्लांची घसरण. "असं आमच्याकडे नाही," म्हणाले. माझी मान उगाच ताठ झाली. मी लगेच सांगून टाकलं की या नोंदीवरच्या 2003 च्या गाजलेल्या शोधनिबंधात आपल्या भूचुंबकत्व संस्थेचेही लेखक होते. कोणी विचारलं नव्हतं.

पण कुलाब्याची रेघ प्रवाह कोण वाहून नेतं ते सांगत नाही. 1984 च्या 'अँप्टी' या उपग्रह मोहिमेपर्यंत मुख्य ऊर्जेच्या आयनांची जात नीट मोजताच येत नव्हती. म्हणजे माझं कामही अगदीच वाया नाही.

पुढच्या आठवड्यात आयनांच्या आलेखाखाली मी अलिबागची रेघ जोडली. ज्येष्ठांनी बराच वेळ पाहिली.

"उभ्या अक्षावर एकक राहिलंय," म्हणाले.